स्तनवर्धन शस्त्रकर्म : रुग्णेला काय सांगावे?

मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरील, कर्जत तालुक्यातील बाजारपेठेचे गाव. भोवतालच्या वाड्यावस्त्यांवरून येणारा रुग्ण ज्वर, संधिवात, अम्लपित्त, अर्श, मुतखडा अशा तक्रारी घेऊन येतो. अशा ठिकाणी चिकित्सा करणाऱ्या वैद्याने स्तनवर्धनाच्या शस्त्रकर्मावर लेख लिहावा याचे काही वाचकांना नवल वाटेल. काही वर्षांपूर्वी मलाही ते वाटले असते. हा विषय मुंबई-पुण्याच्या सुखवस्तू वर्गाचा, आपला त्याच्याशी संबंध काय, अशीच माझी समजूत होती. ती एका रुग्णेने दूर केली.

वय ३६, दोन अपत्ये. उजव्या स्तनात महिनाभर जडपणा व सूज ही तक्रार. ज्वर नाही, स्राव नाही, लाली नाही. रुग्णा संकोचाने बोलत होती आणि मीही संकोचाने, पदराआडूनच वरवर स्पर्शपरीक्षा केली. स्तनग्रंथी समजून कांचनार गुग्गुळ व बाहेरून दशांग लेप अशी योजना केली. सोळा दिवस गेले, उपशय नाही. तिसऱ्या भेटीत माझ्या सौभाग्यवतीला जवळ बसवून, प्रकाशात, रीतसर परीक्षण केले तेव्हा दोन्ही स्तनांखालच्या घडीत बोटभर लांबीचे जुने व्रणवस्तू दिसले. विचारल्यावर थोडा वेळ ती गप्प राहिली. मग म्हणाली, "डॉक्टर, लग्नाच्या आधी शहरात नोकरीला होते तेव्हा ऑपरेशन केलं होतं. मालकांना माहीत आहे, सासरी कुणाला नाही. त्याचा आता काय संबंध?" शस्त्रकर्माला नऊ वर्षे झाली होती. कागद एकही जवळ नव्हता. आत काय बसवले, कोणत्या कंपनीचे, हे तिला ठाऊक नव्हते. सोनोग्राफी व पुढे एमआरआय केल्यावर उजव्या बाजूच्या सिलिकॉन इम्प्लांटचे आवरण फाटल्याचे निष्पन्न झाले. भोवतीचा द्रव तपासून त्यात दुष्ट पेशी नाहीत याची खात्री करण्यात आली व दोन्ही इम्प्लांट काढण्यात आले. रुग्णा आता बरी आहे. सोळा दिवस मात्र माझ्यामुळे वाया गेले. ती अर्बुदाची रुग्णा असती तर त्या सोळा दिवसांचे मोल निराळे झाले असते.

त्यानंतर लक्ष ठेवू लागलो तेव्हा जाणवले की हा प्रश्न आपल्याकडे तीन वाटांनी येतो. कोणी औषधाच्या दुकानात येऊन हलक्या आवाजात 'वाढीचे तेल' मागते. कोणी शस्त्रकर्म करावे काय असे विचारते, आणि ते बहुधा दुसऱ्याच तक्रारीच्या आडून. तिसरी, ज्यांचे शस्त्रकर्म पूर्वी झाले आहे पण त्या ते सांगत नाहीत. तिन्हींना उत्तर देण्याइतके ज्ञान आपल्यापाशी असले पाहिजे. शस्त्रकर्म आपण करणार नाही; पण रुग्णेचे पहिले आणि बहुधा शेवटचे बोलणे आपल्याशीच होते.

शास्त्रात काय आहे, काय नाही

प्रथम आपल्या घरचा विचार करू. चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात धात्रीची लक्षणे सांगताना स्तनसंपत् वर्णिली आहे. स्तन फार वर नसावेत, फार लोंबते नसावेत, फार कृश वा फार स्थूल नसावेत, चुचुक योग्य असावे आणि बालकास सुखाने पिता यावे. या वर्णनाचा मापदंड बालकाची सोय हा आहे, पाहणाऱ्याचे डोळे हा नाही. स्तन्य हा रसाचा उपधातू. म्हणून शतावरी, विदारी, जीवंती यांचा स्तन्यजननार्थ उपयोग आपण करतो. या द्रव्यांनी स्तन्य वाढते म्हणून स्तनाचे आकारमानही कायमचे वाढेल, हे अनुमान मात्र ग्रंथाधारित नाही आणि अनुभवातही येत नाही. शतावरी कल्प देऊन 'दोन महिन्यांत फरक दिसेल' असे सांगणारा वैद्य शतावरीचीच पत घालवतो.

पतित स्तनांसाठी श्रीपर्णी तैलाचा, म्हणजे गंभारीच्या तेलाचा, उल्लेख चक्रदत्तादी ग्रंथांत आहे. ते तैल मी वापरले आहे. प्रसूतीनंतर त्वचेची रूक्षता व शैथिल्य यांत स्नेहनाचा जो गुण मिळायचा तो मिळतो. स्तनाची ग्रंथी व मेद त्याने वाढत नाहीत. रुग्णेला हे एवढ्याच शब्दांत सांगावे.

दुसरा एक मोह सुश्रुताचार्यांच्या नावाचा. प्लास्टिक सर्जरीचे जनक सुश्रुत, हे वाक्य आपण प्रत्येक व्याख्यानात ऐकतो. नासासंधान व कर्णपालीसंधान ही त्यांची देणगी थोर आहे. पुण्यात कावसजी नावाच्या, इंग्रज सैन्यात बैल हाकणाऱ्या माणसाचे कापलेले नाक कपाळाच्या त्वचेपासून पुन्हा घडवले गेले; त्याचा वृत्तांत ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'मध्ये चित्रासह आला आणि युरोपातील शल्यचिकित्सकांनी ती पद्धत उचलली, हाही इतिहास आहे. पण तेथे गमावलेले अंग रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेने भरून काढले जात होते. निरोगी स्तनामागे कारखान्यात तयार झालेली पिशवी ठेवणे हे वेगळे कर्म आहे. एखाद्या जाहिरातीत सुश्रुतांच्या चित्राशेजारी हे शस्त्रकर्म दिसले तर रुग्णेला तो फरक समजावून सांगावा.

सुश्रुतांचे एक वचन मात्र येथे नेमके लागू पडते. चुचुकाच्या दोन अंगुळे वर स्तनरोहित आणि स्तनाखाली दोन अंगुळांवर स्तनमूल, अशी दोन्ही बाजूंची मर्मे त्यांनी कालांतर प्राणहर मर्मांत गणली आहेत आणि त्यांच्या वेधाने कोष्ठ रक्ताने वा कफाने भरतो असे सांगितले आहे. आजच्या शस्त्रकर्मात छेद बहुधा स्तनमूलाच्याच प्रदेशात घेतला जातो. तो वरच्या थरांपुरता असला तरी फुप्फुसावरणाला इजा होऊन त्यात हवा शिरणे हा उपद्रव क्वचित का होईना घडतो. ही जागा क्षुल्लक नव्हे, एवढे भान त्या वर्णनातून जरूर घ्यावे.

शस्त्रकर्माचे स्वरूप

सिलिकॉनचे पहिले स्तन-इम्प्लांट १९६२ मध्ये अमेरिकेतील ह्यूस्टन येथे डॉ. क्रोनिन व डॉ. जेरो यांनी बसवले. आज वापरात असलेल्या सर्व इम्प्लांटचे बाहेरचे आवरण सिलिकॉनचेच असते. आत सिलिकॉन जेल किंवा मीठपाणी असते. स्तनाखालच्या घडीत, चुचुकाभोवतीच्या काळ्या वर्तुळाच्या कडेला किंवा काखेत छेद घेऊन इम्प्लांट ग्रंथीच्या मागे अथवा छातीच्या स्नायूच्या मागे ठेवतात. पूर्ण भूल द्यावी लागते. काम एक-दोन तासांचे असते आणि पुष्कळदा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात.

या सुटसुटीतपणामुळेच गैरसमज होतो. ऑपरेशन छोटे, म्हणजे विषय छोटा, असे रुग्णेला वाटते. तिला पहिल्याच भेटीत सांगावयाचे वाक्य असे : इम्प्लांट जन्मभर टिकत नाही. विशीत बसवले तर पुढे एकदा, कदाचित अनेकदा, पुन्हा शस्त्रकर्म होणार हे धरूनच निर्णय घ्यावा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दिलेल्या माहितीनुसार वाढीसाठी इम्प्लांट बसवलेल्या पाच स्त्रियांपैकी सुमारे एकीला ते आठ-दहा वर्षांत काढावे लागते. काढल्यानंतर स्तन पूर्ववत होत नाही. ताणलेली त्वचा सैल राहते, खळगे पडतात.

मीठपाण्याचे इम्प्लांट फुटले तर स्तन लगेच बसतो व रुग्णेला कळते. जेलचे फुटले तर वर्षानुवर्षे काहीही कळत नाही. म्हणून जेलचे इम्प्लांट असलेल्या स्त्रीने तक्रार नसतानाही पाच-सहा वर्षांनी पहिली आणि नंतर दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय अथवा सोनोग्राफी करावी, अशी त्याच प्रशासनाची शिफारस आहे. शस्त्रकर्माच्या खर्चात हा खर्च कोणी धरत नाही. आरोग्यविमाही केवळ सौंदर्यासाठी केलेले शस्त्रकर्म देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना मात्र त्या अपवादातून वगळलेली आहे. आरोग्यसेवांना जीएसटीची जी माफी आहे तिच्यातूनही सौंदर्यशस्त्रकर्म वगळलेले आहे. कर्ज काढून किंवा दागिना मोडून जाणाऱ्या रुग्णेला हे आधी कळावे.

वयाचाही विचार आहे. अमेरिकेत वाढीसाठी मीठपाण्याचे इम्प्लांट १८ वर्षांनंतर आणि जेलचे २२ वर्षांनंतरच मान्य आहे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला घेऊन येणाऱ्या आईला 'अजून वाढ व्हायची आहे' एवढे शांतपणे सांगितले तरी पुष्कळ काम होते. दोन्ही स्तन थोडे लहान-मोठे असणे हे स्वाभाविक आहे. एका बाजूचा स्तन व छातीचा स्नायू जन्मतःच अविकसित असणे ही वेगळी अवस्था असून तेथे शस्त्रकर्माचा विचार निश्चितच योग्य ठरतो.

उपद्रव

शरीर कोणत्याही परक्या वस्तूभोवती तंतुमय कोष निर्माण करते. इम्प्लांटभोवतीही तो होतोच. काहींत तो आकुंचित होऊन स्तन कठीण, विकृत व वेदनायुक्त होतो. पुन्हा शस्त्रकर्म करावे लागण्याच्या कारणांत हे प्रमुख आहे. रक्तसंचय, जंतुसंसर्ग, चुचुकाची संवेदना कमी होणे वा नाहीशी होणे, इम्प्लांट जागेवरून सरकणे, हे इतर उपद्रव. संवेदना गेलेल्या त्वचेवर गरम विटेचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक घेतला तर भाजल्याचे कळत नाही. आपल्याकडे शेक हा घरोघरचा उपाय असल्याने हे मुद्दाम सांगावे.

सर्वांत महत्त्वाचा इशारा लसग्रंथींच्या एका विशिष्ट कर्करोगाचा आहे. तो स्तनाच्या ग्रंथीत नसून इम्प्लांटभोवतीच्या द्रवात व कोषात उद्भवतो, मुख्यतः खरबरीत पृष्ठभागाच्या इम्प्लांटशी निगडित आहे आणि शस्त्रकर्मानंतर बहुधा आठ-दहा वर्षांनी एका बाजूच्या अचानक सुजेने प्रकट होतो. तो विरळ आहे. वेळीच इम्प्लांट व कोष काढल्यास बहुतेक रुग्णा बऱ्या होतात. याच कारणास्तव जुलै २०१९ मध्ये अ‍ॅलर्गन कंपनीने आपली बायोसेल या खरबरीत पृष्ठभागाची इम्प्लांट जगभरातून परत मागवली. २०२१ मध्ये अमेरिकेत सर्व इम्प्लांटवर ठळक चौकटीतील इशारा आणि रुग्णेने वाचून स्वाक्षरी करावयाची यादी सक्तीची झाली. २०२२ मध्ये कोषात अन्य प्रकारचे कर्करोगही क्वचित आढळल्याची सूचना निघाली. त्याआधी फ्रान्समध्ये पीआयपी या कंपनीने वैद्यकीय दर्जाऐवजी औद्योगिक दर्जाचे सिलिकॉन भरल्याचे उघड होऊन २०१० मध्ये ती बंद पडली व २०१३ मध्ये तिच्या संस्थापकाला चार वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. तोवर तिचा माल अनेक देशांत पोहोचला होता. कंपनीचे नाव व क्रमांक रुग्णेजवळ का असावा, याचे याहून स्पष्ट कारण देता येणार नाही.

काही स्त्रियांना इम्प्लांटनंतर थकवा, सांधेदुखी, विस्मरण, केस गळणे अशा तक्रारी होतात. याचे निदान करणारी एकही निश्चित तपासणी नाही आणि कार्यकारणसंबंध सिद्ध झालेला नाही. परंतु इम्प्लांट काढल्यावर काहींना बरे वाटल्याचे नोंदले गेले आहे. अशी रुग्णा आपल्याकडे आमवात वा धातुक्षय म्हणून येण्याची शक्यता अधिक. तिला 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावू नये, आणि विषारी सिलिकॉन बाहेर काढण्यासाठी पंचकर्म करा असेही सांगू नये. विरेचनाने फाटलेले इम्प्लांट बाहेर पडत नाही.

स्तनपानाविषयी प्रश्न हमखास येतो. इम्प्लांट असलेल्या पुष्कळ माता बाळाला पाजू शकतात. पण काहींना दूध अपुरे पडते, विशेषतः चुचुकाभोवती छेद घेतलेला असल्यास, कारण तेथे स्तन्यवाहिन्या व नाड्या छेदल्या जातात. अशा मातेला शतावरी देण्यास हरकत नाही, पण छेदलेली वाहिनी शतावरीने जोडली जात नाही. बाळाचे वजन आठवड्याला पाहावे आणि ते वाढत नसेल तर बालरोगतज्ज्ञांकडे वेळ न दवडता पाठवावे. ज्या मुलीचे लग्न व्हायचे आहे तिला हा मुद्दा शस्त्रकर्मापूर्वी सांगणारा कोणी तरी असावा.

स्वतःचा मेद मांडी-पोटातून काढून स्तनात भरण्याची पद्धतही आहे. त्यातील काही भाग शरीर शोषून घेते, काही ठिकाणी कठीण गाठी किंवा चुनखडीसारखे कण तयार होतात व पुढे मॅमोग्राफीत संभ्रम निर्माण करतात. तरीही ते शल्यचिकित्सकाच्या हातचे काम आहे. 'इंजेक्शनने वाढवून देतो' म्हणून पातळ सिलिकॉन टोचणारे मात्र थेट धोका आहेत. ते परत काढता येत नाही. रक्तवाहिनीत गेल्यास फुप्फुसात जाऊन प्राणघातक ठरू शकते. तृतीयपंथी रुग्ण अशा हातांना अधिक बळी पडतात. त्यांनाही रीतसर शस्त्रकर्माची वाट आहे, आणि ती सांगताना आपल्या चेहऱ्यावर उपहास नसावा.

औषधविक्रेत्यांसाठी

आमच्या औषधविक्रेत्या मित्रांना हे कडू वाटेल. 'औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४' याच्या अनुसूचीत ५४ विकार व अवस्था आहेत. त्यांत 'स्त्रीच्या वक्षाचा आकार व रचना' ही २१ वी नोंद आहे. म्हणजे कर्करोग, मधुमेह, अपस्मार यांच्याच पंक्तीत या विषयावरील औषधाची जाहिरात प्रतिबंधित आहे. जाहिरात या शब्दात या कायद्याने केवळ वर्तमानपत्रातील चौकट धरलेली नाही. परिपत्रक, लेबल, वेष्टण, सूचनाफलक आणि तोंडी घोषणाही त्यात येते. पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा अपराध केल्यास एक वर्षापर्यंत कारावास, अशी तरतूद आहे. नोंदणीकृत चिकित्सकाने आपल्या जागेत अमुक विकाराची चिकित्सा होते असा फलक लावण्यास सूट आहे. ती दुकानाच्या काउंटरला नाही.

प्रतिनिधी येतो, तेलाच्या बाटलीबरोबर रंगीत चित्राचा उभा फलक देतो, 'एवढा काउंटरवर ठेवा' म्हणतो. तो फलक ठेवणारा दुकानदार कंपनीइतकाच अडचणीत येतो. मी माझ्या परिचयातील दुकानदारांना एवढेच सांगतो की फलक परत द्यावा आणि त्या बाटलीवर घटकद्रव्ये, परवाना क्रमांक व निर्मात्याचा पूर्ण पत्ता आहे का ते पाहावे. ज्या मलमावर घटक छापलेले नाहीत आणि जे आठ दिवसांत 'फरक' दाखवते, त्यात स्टिरॉइड किंवा स्त्रीसंप्रेरक मिसळलेले असण्याची शंका घ्यावी. स्टिरॉइडने त्वचा पातळ होते व तिच्यावर लालसर पांढरे चरे उमटतात; संप्रेरकाने पाळी बिघडते आणि स्तनात आधीच लपलेली गाठ असेल तर तिला खतपाणी मिळू शकते.

खरे नुकसान कायद्यापलीकडचे आहे. तेल मागायला आलेल्या स्त्रीला बाटली देऊन वाटेला लावले म्हणजे ती कोणालाही न दाखवता सहा महिने चोळत बसते. एका बाजूचा स्तन अलीकडे लहान किंवा आत ओढलेला दिसू लागला, हे अर्बुदाचे लक्षण असू शकते. दुकानदाराने एकच प्रश्न विचारावा : "ताई, हा फरक पहिल्यापासून आहे का नव्याने झाला?" नव्याने झाला असे उत्तर आले तर बाटली न देता चिकित्सकाकडे पाठवावे. बाटलीचा नफा जाईल, पण पेठेत दुकानाचे नाव राहील.

आधी व नंतर

शस्त्रकर्माचा विचार करणाऱ्या रुग्णेची प्रथम स्तनपरीक्षा करावी. माझ्यासारखी पदराआडून नव्हे. प्रशिक्षित हाताने केलेल्या परीक्षेचे मोल टाटा स्मारक रुग्णालयाने मुंबईच्या वस्त्यांत दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर वीस वर्षे चालवलेल्या अभ्यासात दिसले. दर दोन वर्षांनी आरोग्यसेविकांनी केलेल्या हस्तपरीक्षेमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांत स्तनकर्करोगाचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले, असा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. पुरुष वैद्याने स्त्री साहाय्यक जवळ ठेवावी, एवढे केले की संकोच निम्मा होतो.

मग कारण विचारावे. स्वतःच्या मनाने, पुष्कळ दिवस विचार करून आलेली स्त्री आणि नवऱ्याच्या टोमण्याने किंवा स्थळ मोडल्याने आलेली मुलगी यांना एकच उत्तर देता येत नाही. पहिलीला माहिती द्यावी आणि तिचा निर्णय तिचा मानावा. नीतीचे प्रवचन हे आपले काम नाही. दुसरीशी बोलायला वेळ द्यावा, शक्य तर सहा महिने थांबण्यास सांगावे. अंगावरचे पाजणे सुटून सहा महिने झाले नसतील तर कोणीही चांगला शल्यचिकित्सक तिला थांबावयास सांगेलच, कारण तोवर स्तनाचा आकार स्थिरावलेला नसतो.

आपल्या भागात मशेरीविषयी स्वतंत्र विचारावे लागते. 'तंबाखू खाता का?' या प्रश्नाला दात घासायला मशेरी लावणारी बाई 'नाही' म्हणते, आणि खोटे बोलते असे नव्हे. तिच्या लेखी ती तंबाखू नाहीच. निकोटीनने व्रणरोपण बिघडते, त्वचेच्या कडा काळ्या पडतात. शस्त्रकर्मापूर्वी आणि नंतर किमान चार-चार आठवडे मशेरी बंद पाहिजे. पांडुत्व व मधुमेह आधी दुरुस्त करावा. आपण देत असलेली औषधे भूलतज्ज्ञाला लेखी कळवावीत. लसूण, गुग्गुळ, हळदीचे घनसत्त्व यांनी रक्तस्रावाची प्रवृत्ती वाढू शकते. ज्येष्ठमधाने रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. अश्वगंधा भुलीच्या औषधांचे मांद्य वाढवू शकते. दोन आठवडे आधी ही सर्व बंद ठेवणे हे सुरक्षित. आहारातील फोडणीच्या लसणाबद्दल मी बोलत नाही.

शल्यचिकित्सक कोण, हे पाहण्यातही आपण मदत करू शकतो. नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ मध्ये प्लास्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग उभा केला, तेव्हापासून हे शास्त्र महाराष्ट्रात रीतसर शिकवले जाते. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. किंवा डी.एन.बी. ही पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी, या दोन गोष्टी पाहाव्यात. 'कॉस्मेटिक' हा शब्द फलकावर असणे ही पात्रता नव्हे. आपल्या शल्यतंत्राच्या पदव्युत्तर पदवीधरांना २०२० च्या अधिसूचनेने जी शस्त्रकर्मे नेमून दिली, त्यांत स्तन-इम्प्लांट नाही; त्या वाटेला कोणी जाऊ नये.

घरी परतल्यावर चार ते सहा आठवडे डोक्यावर हंडा, पाठीवर ओझे, खुरपणी, चुलीवरचे जड भांडे उचलणे, सगळे वर्ज्य. ऊसतोडीला किंवा शेतमजुरीला जाणाऱ्या स्त्रीला हे सुटीचे दिवस कोठून मिळणार, याचा विचार आधीच व्हावा. तेलाने अभ्यंग शल्यचिकित्सकाच्या संमतीवाचून करू नये. स्तनावर जळू, अग्निकर्म, कोणताही वेध करू नये. इम्प्लांट असलेल्या स्तनातील सुजेत सुई घालून द्रव काढण्याचा मोह दवाखान्यात कधीही होऊ देऊ नये. सोनोग्राफीखाली तज्ज्ञाने करावयाचे ते काम आहे. ज्वर, लाली, एका बाजूची वाढती सूज किंवा श्वास लागणे, यांपैकी काहीही दिसले तर काढा देत न बसता त्याच दिवशी पाठवावे. वर्षांनंतरची सूज असेल तर द्रवाची लसग्रंथी-कर्करोगाच्या दृष्टीने तपासणी व्हावी असे चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. मॅमोग्राफीला जाताना तंत्रज्ञाला इम्प्लांटची कल्पना देण्यास सांगावे. त्यासाठी इम्प्लांट मागे सारून वेगळ्या छायाचित्रांची पद्धत आहे.

या विषयाची दुसरी बाजू आपल्या भागात अधिक मोठी आहे, आणि तिच्याविषयी कोणी विचारत नाही. कर्करोगाने स्तन काढावा लागलेल्या स्त्रिया. शेजारच्या बार्शीत नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे आणि तेथील ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. ग्रामीण भागातील ही देशातील पहिली नोंदणी. त्या रुग्णालयातून किंवा मुंबईच्या टाटामधून परतलेल्या रुग्णा आपल्या गावांत आहेत. पदराखाली कापडाची घडी ठेवून त्या बाजाराला येतात. स्वतःच्या पाठीच्या किंवा पोटाच्या मांसाने किंवा इम्प्लांटने स्तनाची पुनर्रचना होऊ शकते, स्तन काढतानाच किंवा नंतरही. शस्त्रकर्म नको असेल तर ब्रामध्ये ठेवावयाचा कृत्रिम स्तनही मिळतो, हे त्यांतील बहुतेकींना माहीतच नसते. एका रुग्णेला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "या वयात कशाला, डॉक्टर?" तिचे वय तेव्हा ४१ होते. ती पुढे पुनर्रचनेला गेली नाही. ब्रामध्ये ठेवावयाचा कृत्रिम स्तन मात्र तिने पुण्याहून मागवला आणि खांदा एका बाजूला झुकण्याची तिची जुनी पाठदुखी त्याने पुष्कळ कमी झाली.

आता माझ्या केसपेपरवर स्त्री रुग्णांसाठी एक ओळ वाढवली आहे : पूर्वीचे शस्त्रकर्म, शरीरात बसवलेली वस्तू. तांबी, सळई, स्टेंट, इम्प्लांट, सर्व त्यातच. उत्तर होकारार्थी आल्यास रुग्णेजवळ इम्प्लांटचे कार्ड आहे का ते पाहतो. त्यावर कंपनी, प्रकार, आकारमान व अनुक्रमांक असतो. नसेल तर जेथे शस्त्रकर्म झाले त्या रुग्णालयाकडे लेखी मागणी करण्यास सांगतो. आंतररुग्णाची कागदपत्रे तीन वर्षे जपण्याचे बंधन शल्यचिकित्सकावर असते, त्यामुळे मागणी लवकर करावी. कार्डाची एक छायाप्रत तिच्या केसपेपरला टाचून ठेवतो व दुसरी तिच्या रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवावयास सांगतो, कारण घर बदलले, गाव बदलले तरी ती पिशवी हरवत नाही.